धरणावरची सहल आणि धरणाची राखण

बडोद्याच्या मराठी घरांत आजव्याची सहल ज्याने केली नाही असा माणूस विरळाच. पूर्वी घरून दशम्या, बटाट्याची सुकी भाजी व कैरीचे लोणचे बांधून नेत असत. हल्ली वाटेवरच फाफडा-जलेबी घेतात, इतकाच काय तो फरक. पाळीवर सतरंजी पसरावी, मुलांनी उतारावरून घसरावे, वडील मंडळींनी पाण्याकडे पाहत गप्पा माराव्या, आणि संध्याकाळी म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर केलेल्या बागेतील कारंजी पाहून परतावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बागेचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. ज्या पाळीवर आपण सतरंजी पसरतो तिच्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. ही पाळ म्हणजेच धरण होय. ते कसे उभे राहते, कशाने खचते, आणि सहलीला गेलेल्या साध्या गृहस्थाला त्यातले काय डोळ्यांनी पाहता येते, याची माहिती आपल्या सभासदांच्या उपयोगी पडेल अशा समजुतीने हा लेख लिहीत आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत बडोदे शहराला नळाचे पाणी देण्यासाठी विश्वामित्रीच्या पाणलोटात हा तलाव बांधण्यात आला आणि 1892 साली शहराला त्याचे पाणी मिळू लागले. त्यापूर्वी शहराची सारी भिस्त विहिरींवर व तळ्यांवर होती. तलावाचे नाव सयाजी सरोवर. लोकांच्या तोंडी मात्र आजवाच राहिले. सरदार सरोवरासारख्या प्रचंड कामांपुढे हे धरण लहान. परंतु त्याचे वय सव्वाशे वर्षांच्या पुढे गेले आहे, ते मातीचे आहे, आणि त्याच्या खालच्या अंगाला लाखो वस्तीचे शहर आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे धरण लहान आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

पाणी किती लांबवर पसरले आहे यावर धरणावरील दाब ठरतो असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. पाणी एक मैल पसरलेले असो की दहा मैल, दाब ठरतो तो खोलीवर. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो. म्हणून दहा मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांचा रेटा असतो. दगडी धरण हा रेटा आपल्या वजनाने सहन करते. मातीचे धरण तसेच करते, पण त्याला आणखी एक काम असते : आपल्या पोटातून जाणाऱ्या पाण्याला वळण लावण्याचे. कारण मातीच्या धरणातून पाणी पाझरतेच. मुळीच पाझरत नाही असे मातीचे धरण जगात नाही. मधोमध चिकणमातीचा गाभा घालून हा पाझर अगदी मंद केलेला असतो, आणि खालच्या पायथ्याशी वाळू व खडी यांचे थर घालून त्याला बाहेर पडण्यास वाट ठेवलेली असते. हे थर चहाच्या गाळणीसारखे काम करतात. पाणी जाऊ द्यावयाचे, मातीचा कण अडवावयाचा.

सगळी गोम या कणात आहे. पाझराचे पाणी स्वच्छ आहे तोवर धरणाची प्रकृती ठीक समजावी. ते गढूळ येऊ लागले म्हणजे पाण्याबरोबर धरणाची माती बाहेर पडू लागली असा त्याचा अर्थ. प्रथम पायथ्याशी एक बोटभर छिद्र पडते. त्या छिद्राकडे आतले पाणी अधिक जोराने धावते, आणखी माती ओढून आणते, आणि छिद्र खालून वर, म्हणजे पायथ्याकडून तलावाकडे, उलट दिशेने वाढत जाते. भरावाच्या पोटात नळी तयार होते. बाहेरून पाहणाराला हिरवेगार गवत दिसत असते. ही नळी तलावाला जाऊन भिडली की मग घटकांचाच प्रश्न राहतो. यासाठी पायथ्याशी वाहणाऱ्या पाण्याचा एक पेला भरून तासभर स्थिर ठेवला आणि तळाशी गाळ बसला का ते पाहिले, तर एवढ्यावरूनही पुष्कळ कळते. याला यंत्र लागत नाही. पायथ्याशी जमिनीतून पाणी बुडबुड्यासारखे वर येत असेल आणि त्याच्याभोवती वाळूची वाटोळी वळी साचली असेल, तर पेला भरण्याचीही गरज नाही; तत्काळ कळवावे.

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथे असेच एक लहान मातीचे धरण होते. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले आणि पायथ्याच्या वाडीतील वीसच्या आसपास माणसे घरांसकट वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. पुढे तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे सांगितले आणि त्यावर महाराष्ट्रभर हसे झाले. हसण्याचे कारण लोकांना बरोबर समजले होते, तरी त्यात एक बारकावा आहे. खेकडे, उंदीर, घुशी, साळी हे प्राणी भराव पोखरतात ही गोष्ट खरी आहे, आणि जगभरचे अभियंते तिला गंभीर मानतात. पण खेकडा काही एका रात्रीत धरण पाडत नाही. त्याच्या बिळाला महिने लागतात आणि तेवढे महिने ते बीळ उघड्यावर दिसत असते. तेव्हा प्रश्न खेकड्याचा नसून पाहणाराचा आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण माळव्यातले आहे. धार जिल्ह्यात कारम नदीवर बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणातून ऑगस्ट 2022 मध्ये गळती सुरू झाली. ती वेळीच ध्यानात आली. धार व खरगोन जिल्ह्यांतील अठरा गावे रिकामी करण्यात आली, सैन्य बोलावण्यात आले, आणि पोकलेन यंत्रांनी बाजूने चर खोदून साठलेले पाणी सोडून देण्यात आले. धरण हातचे गेले, कामाच्या दर्जाविषयी व्हावयाची ती टीकाही झाली. पण माणूस दगावला नाही. दोन्ही धरणे मातीची, दोन्हीकडे गळती. तिवऱ्याची माणसे बेसावध झोपेत सापडली आणि कारमची उंचवट्यावर बसून राहिली, हा फरक वेळेवर पाहण्याने पडला.

मातीच्या धरणाचा दुसरा वैरी म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी धरणावरून थोडे पाणी गेले तर ते एखादे वेळी निभावून जाते. मातीच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की ते खालचा उतार कापत जाते आणि थोड्याच तासांत भगदाड पडते. 11 ऑगस्ट 1979 रोजी मोरबीच्या वरचे मच्छू-2 धरण असेच गेले. दरवाजांच्या शक्तीहून कितीतरी अधिक पूर आला आणि दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले. गुजरातेत राहणाऱ्याला मोरबीची हकीकत सांगावी लागत नाही, तशी पुण्याकडे सोयरीक असलेल्या घरांना 12 जुलै 1961 च्या पानशेतची सांगावी लागत नाही. दगडी धरणही अगदी निर्धोक असते असे मात्र समजू नये. ग्वाल्हेरजवळील तिघरा धरण चुन्याच्या दगडी बांधकामाचे. 19 ऑगस्ट 1917 रोजी पाणी त्याच्यावरून गेले आणि भिंतीचे दोन मोठे भाग पायावरून सरकून वाहून गेले. पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरले होते. ते धरण 1929 साली पुन्हा उभे करण्यात आले.

माथ्यावरून पाणी जाऊ नये म्हणून सांडवा असतो. आजव्याच्या सांडव्याला 62 दरवाजे आहेत. पावसाळ्यात बडोद्याची वर्तमानपत्रे रोज ‘आजवा 211 फूट’ असा आकडा छापतात. पुष्कळांना ती तलावाची खोली वाटते. ती खोली नव्हे. एका ठरवून दिलेल्या पातळीपासून मोजलेली पाण्याची उंची आहे. पाणी 211 फुटांच्या वर चढले की ते सांडव्यावाटे विश्वामित्रीकडे जाऊ लागते, आणि मग शहराचे डोळे काळ्या घोड्याच्या पुलाकडे लागतात. तेथे 26 फुटांची धोक्याची रेघ आहे. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस ती रेघ कितीतरी मागे टाकून नदी घराघरांत शिरली. तेव्हा ‘पाणी सोडले म्हणून पूर आला’ असे जो तो म्हणत होता. त्यात काही तथ्य असले तरी ते अर्धेच आहे. मातीचे जुने धरण काठोकाठ भरून ठेवणे हा पर्यायच नसतो. पाणी सोडले तर शहरात पूर आणि न सोडले तर धरणालाच धोका, अशी ही अडचण आहे. तिच्यावर उपाय दोनच : पाऊस येण्यापूर्वी तलावात पुरेशी जागा मोकळी ठेवणे आणि खाली नदीचे पात्र मोकळे ठेवणे. पात्रात भराव घालून घरे बांधावयाची आणि मग आजव्याला बोल लावावयाचा, हे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

आता सहलीकडे येऊ. धरणावर फिरावयास जाणारा माणूस नकळत धरणाची हानी करतो, हे सांगितले तर कित्येकांना राग येईल. पाण्याकडच्या उतारावर जे दगड रचलेले असतात ते शोभेसाठी नव्हेत. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा मातीवर आपटून ती धुवून नेऊ नयेत म्हणून ते लावलेले असतात. मुलांना पाण्यात दगड भिरकावण्याची हौस असते आणि हाताशी येतो तो हाच दगड. एक निघाला की शेजारचा सैल होतो. खालच्या उतारावर तर घसरगुंडी खेळून गवत निघून जाते, त्या जागी पायवाट पडते आणि पहिल्या मोठ्या पावसात त्या पायवाटेची घळ होते. पाळीवर मोटारसायकली नेण्याची नवी आवड निघाली आहे. चाकोऱ्यांत पाणी साचून ते माथ्यातून आत मुरते. कोणी सद्‌हेतूने झाड लावतो. झाड ही चांगलीच गोष्ट, परंतु भरावावर नव्हे. वड-पिंपळाची मुळे पोटात खोल जातात आणि झाड मेले म्हणजे ती कुजून त्यांच्या जागी पोकळ वाटा राहतात. ज्याला वृक्षारोपण करावयाचे असेल त्याने पायथ्यापासून चांगले दूर करावे. पाळीवर गवतच हवे, तेही आखूड, म्हणजे भेग, बीळ व ओल दिसते.

भेगांविषयीही दोन शब्द. माथ्यावर लांबीच्या दिशेने उन्हाळ्यात केसासारख्या भेगा पडतात त्या बहुधा माती सुकल्याच्या असतात. मात्र भेगेच्या एका बाजूची जमीन दुसरीपेक्षा खाली बसली असेल तर तो उतार घसरू लागल्याचा इशारा असतो. आणि जी भेग पाळीला आडवी, म्हणजे तलावाकडून पायथ्याकडे जाते, ती तर सर्वांत वाईट. कारण पाण्याला ती आयती वाट आहे.

पाण्यात उतरण्याचा मोह मोठा असतो. आपल्याकडे ज्यांना पोहता येते ते नदीवर किंवा विहिरीत शिकलेले असतात, आणि धरणाचे पाणी निश्चल पाहून ते विहिरीहून सोपे समजतात. दगडी उतारावर शेवाळ धरते. एक पाऊल घसरले की पुढे पाय टेकावयास सपाटी नसते. तळाशी वर्षांनुवर्षांचा गाळ, त्यात पोटरीपर्यंत पाय रुतला तर पट्टीचा पोहणाराही अडकतो. विमोचकाच्या बुरुजाजवळ पाणी वरून शांत दिसते, खाली ओढ असते. लहान बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर त्याच्या खाली अंघोळीला बसणे हा तर शुद्ध वेडेपणा होय. पडलेले पाणी तळाशी जाऊन वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच परतते. त्यात सापडलेला माणूस पुनःपुन्हा पडत्या धारेखाली ओढला जातो. सांडव्याच्या खालच्या कोरड्या खडकांवर बसून जेवू नये. वर ऊन असले तरी दूर पाणलोटात पाऊस झाला तर दरवाजे उघडतात.

याशिवाय आजवा व विश्वामित्री यांत मगरी आहेत हे बडोदेकरांना सांगावयास नको. 2025 सालच्या गणनेत एकट्या विश्वामित्रीत चारशेंहून अधिक मगरी आढळल्या. मगर तटात बिळे करून राहते, म्हणजे भरावाच्या दृष्टीनेही तिच्यावर नजर हवीच. फेब्रुवारी ते एप्रिल हे तिचे अंडी घालण्याचे दिवस. त्या दिवसांत पाण्याच्या कडेला मुलांना एकटे सोडणे किंवा हातपाय धुवावयास खाली वाकणे टाळावे.

बुडण्याच्या बहुतेक हकीकती एकाच तऱ्हेच्या असतात. एक मुलगा घसरतो, त्याला काढण्यासाठी भाऊ उडी घेतो, भावामागे काका, आणि घरातली तिघे एका दिवशी जातात. बुडणारा माणूस क्वचितच ओरडतो. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, त्यात ओरडण्यास श्वास नसतो. म्हणून मुलांवरची नजर कानांवर सोपवू नये. मदत करावयाची ती काठावरून : दोर, दोन साड्या गाठवून केलेली पट्टी, झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा डबा, बांबू, जे असेल ते फेकावे, आणि स्वतः पालथे पडून धरावे म्हणजे आपण ओढले जात नाही. माणूस बाहेर काढल्यावर त्याला उलटा टांगणे किंवा पोट दाबून पाणी काढणे ही जुनी रीत सोडून द्यावी. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा, आणि दुसऱ्याने 108 ला फोन करावा.

होडीविषयी लिहिताना बडोदेकराची लेखणी अडखळते. 18 जानेवारी 2024 रोजी हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका गेल्या. तो धरणाचा जलाशय नव्हता, शहरातील तलाव होता. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती व सर्वांच्या अंगात जाकिटे नव्हती. त्या दिवसानंतर होडीत बसूच नये असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही, पण बसण्यापूर्वी काठावर उभे राहून माणसे मोजावी. होडीवर तिची क्षमता लिहिलेली नसेल तर बसू नये. मुलाच्या अंगातले जाकीट खांद्यांना धरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर ते त्याच्या मापाचे नव्हे, पाण्यात मूल खाली आणि जाकीट वर राहील. आणि होडीत उभे राहून सर्वांनी एका अंगाला छायाचित्रासाठी झुकणे हे तर कटाक्षाने टाळावे. बसलेल्या माणसांची होडी डोलते, उभ्या माणसांची उलटते. शाळेच्या किंवा न्यासाच्या सहलीत ‘एवढी दोन मुले घ्या हो’ असे म्हणणारा कोणीतरी निघतोच. त्याला नाही म्हणण्याचे काम एका ठराविक माणसावर आधीच सोपवून ठेवावे, म्हणजे भीड पडत नाही.

पाण्याला न शिवता पाण्याचा आनंद घेता येतो हे पाहावयाचे असेल तर हिवाळ्यात डभोईजवळील वढवाण्याला जावे. हाही बडोदे संस्थानाच्या काळातील पाटबंधाऱ्याचा तलाव. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात, आणि 2021 साली त्याला रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. तेथे लोक दुर्बीण घेऊन पाळीवरून सावकाश चालतात. असा सावकाश चालणारा माणूस धरणाला हवाच असतो.

हवा असतो याचे कारण कायद्यातही सापडते. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी बंधनकारक केली आहे. परंतु तो कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू आहे. दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांपैकी ज्यांची लांबी, साठा किंवा पूर ठराविक मापाहून अधिक आहे, अथवा ज्यांचा पाया किंवा रचना अवघड आहे, तेवढ्यांनाच तो लागतो. त्याखालची हजारो गावतळी व बंधारे त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि आपल्या कुटुंबांच्या सहली पुष्कळदा अशाच ठिकाणी जातात. तेथे वर्षातून दोनदा अभियंता येईलच असे नाही.

म्हणून पाळीवर काही वेगळे दिसले तर कळवावे; आजव्यापुरते बोलावयाचे तर बडोदे महानगरपालिकेस, अन्यत्र ग्रामपंचायत किंवा पाटबंधारे खात्यास. ‘धरण गळते आहे’ एवढ्याच कळवण्याचा उपयोग थोडा. तारीख, त्या दिवशीची तलावाची पातळी, ओल पाळीच्या कोणत्या भागी व पायथ्यापासून किती पावलांवर आहे, पाणी स्वच्छ की गढूळ, एवढे लिहावे आणि शेजारी काठी किंवा छत्री ठेवून छायाचित्र घ्यावे म्हणजे आकार कळतो. पाणी धारेने येत असेल तर बादली खाली धरून ती किती सेकंदांत भरते ते पाहावे. पुढच्या सहलीत तलावाची पातळी तीच असताना तीच बादली लवकर भरली, तर गळती वाढली आहे, आणि हे सांगावयास कोणी तज्ज्ञ लागत नाही.